सात महिने ठेवलेला ग्रासकटर चालू होईना (साठवण, ने-आण, दुरुस्ती)

काजूबी

मंडळी, मदत हवी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात आमची थोडी काजू-आंब्याची कलमं आहेत. बेणणीला (रान साफ करायला) माणूस मिळेना म्हणून टू स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं ते इंजिन) ग्रासकटर घेतला, खांद्याला पट्टा अडकवायचा तो. डिसेंबरात काजूखालचं रान साफ करून झाल्यावर माझ्या दिरांनी तो मांगरात (बागेतल्या खोपटात) खुंटीला टांगून ठेवला. आता जुलैत काढला तर ढिम्म. चोक लावून दोरी ओढली की एकदा 'फट्' करतो आणि मग काही नाही. दोरी ओढून ओढून गड्याचा खांदा धरलाय.

तालुक्याच्या एका मेकॅनिकने मशीन न उघडताच "ब्लॉक-पिस्टन गेला, नवीन घातलेलं परवडेल" असं सांगितलं. रान तर छातीएवढं आलंय. प्रश्न दोन:

१. खरंच पिस्टन गेला असेल का? घरच्या घरी काय बघता येईल?
२. मशीन पुण्याला माझ्याकडे आणायचं झालं तर कसं आणू? एसटीच्या पार्सलने देता येतं का?

टू_स्ट्रोक_आजोबा

ताई, आधी तीन गोष्टी सांगा. ठेवताना टाकीत पेट्रोल होतं का? दोरी सावकाश ओढली तर मध्ये अडल्यासारखी होते का, की सुळकन येते? आणि प्लग काढून बघितलात का, ओला आहे की कोरडा? हे कळल्याशिवाय "पिस्टन गेला" म्हणणारा माणूस मेकॅनिक नव्हे, विक्रेता.

काजूबी

@आजोबा, दिरांना फोन करून विचारलं. टाकी अर्धी होती, तेच पेट्रोल अजून आहे आणि त्याला रंगाच्या डब्यासारखा वास येतोय. दोरी नीट अडते, जोर लागतो. प्लग कोरडा ठणठणीत, थोडा काळा.

टू_स्ट्रोक_आजोबा

मग निश्चिंत राहा, तुमचा पिस्टन जागेवर आहे. दोरीला दम लागतो म्हणजे कॉम्प्रेशन आहे, सिलिंडरमध्ये हवा दाबली जातेय. पिस्टन-रिंग गेलेलं मशीन दोरीला मऊ लागतं. सीज झालेलं, म्हणजे पिस्टन आत अडकलेलं, असेल तर दोरी हलतच नाही. आणि प्लग इतक्या वेळा ओढूनही कोरडा, म्हणजे पेट्रोल वर पोचतच नाहीये. ते 'फट्' झालं ते आत उरलेल्या वाफेवर.

आता मी सांगतो त्याच क्रमाने करा. लोक थेट कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) उघडतात, मग स्प्रिंग उडते आणि गवतात शोधत बसतात.

आधी स्टॉपचं बटण बघा. हसू नका. पट्टा अडकवताना ते बंदकडे सरकतं आणि माणूस तासभर दोरी ओढत बसतो. मग प्लग. कॅपमध्ये बसवून प्लगची लोखंडी बाजू सिलिंडरच्या पत्र्याला टेकवा (प्लगच्या भोकापासून लांब, सांडलेलं पेट्रोल पुसून) आणि दोरी ओढा. निळी ठिणगी दिसली की करंट आहे. उन्हात दिसत नाही, मांगराच्या सावलीत करा आणि प्लग हाताने धरू नका, रबरी मुठीच्या पक्कडीने धरा. पिवळी, मरतुकडी ठिणगी दिसली तर आधी नवा प्लग घालून बघा. प्लगसारखा स्वस्त भाग नाही.

करंट असेल तर खरी परीक्षा. ताज्या, ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचे चार-पाच थेंब प्लगच्या भोकातून आत सोडा. थेंब म्हणतोय, झाकणभर नाही. प्लग घट्ट करा, चोक उघडा ठेवा, दोरी ओढा. मशीन दोन-तीन सेकंद भुर्रकन चालून बंद पडलं तर करंट ठीक, कॉम्प्रेशन ठीक, दोष टाकी ते कार्बोरेटर या हातभर अंतरात. माझी पैज लावायची तयारी आहे की तुमचं असंच होणार.

मग टाकी रिकामी करा. नळीच्या टोकाला टाकीत लोंबणारा फिल्टर असतो, वाकवलेल्या तारेच्या हुकाने बाहेर काढता येतो. तो तपकिरी, चिकट झाला असेल तर टाकून द्या. पेट्रोलची नळी बोटांत दाबून बघा, कडक होऊन चिरली असेल तर पेट्रोलऐवजी हवा ओढते. पंप करायचा रबरी फुगाही तसाच, दाबल्यावर परत वर आला पाहिजे आणि परतीच्या नळीतून पेट्रोल टाकीत जाताना दिसलं पाहिजे.

एवढं करूनही प्लग कोरडाच राहिला तर मग कार्बोरेटर. ग्रासकटरच्या कार्बोरेटरला जुन्या मोटारसायकलसारखा बाऊल (पेट्रोल साठायची वाटी) नि फ्लोट (तिच्यातला तरंगता तुकडा) नसतो. म्हणून तर तो आडवातिडवा धरून चालवता येतो. त्यात पातळ पडदा असतो, डायफ्रॅम. नवा असताना तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा मऊ. जुनं पेट्रोल सुकलं की कुरकुरीत होतो आणि पेट्रोल ओढायचं थांबवतो. पडदे आणि गॅस्केटचा संच मिळतो, नव्या कार्बोरेटरच्या मानाने किरकोळ किमतीत. उघडताना पायरीपायरीने मोबाइलवर फोटो काढा, कारण एका बाजूला गॅस्केट आधी असतं आणि दुसऱ्या बाजूला पडदा आधी. उलट बसवलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि जेटच्या (पेट्रोल येतं त्या बारीक तोटीच्या) भोकात तार, सुई घालू नका. कार्ब क्लीनर फवारा किंवा पंक्चरवाल्याकडे हवा मारून घ्या.

पडवीतला

आजोबा, तुमचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. दापोलीकडे आमचंही दर वर्षी हेच होतं. पूर्वी आमच्या वडिलांचा पेट्रोल-रॉकेलवर चालणारा पंप वर्षभर विहिरीवर पडून असायचा आणि दुसऱ्या झटक्याला सुरू व्हायचा. हे सगळे उद्योग इथेनॉलने लावलेत. पेट्रोलच्या नावाखाली उसाचं मळीचं पाणी विकतात.

टू_स्ट्रोक_आजोबा

@पडवीतला, वडील बंद करताना रॉकेलचा कॉक बंद करून पेट्रोलवर थोडा वेळ चालवून मग बंद करत असणार. जुनी माणसं ते करायचीच, नाहीतर दुसऱ्या दिवशी बाऊलमध्ये रॉकेल राहून पंप सुरूच व्हायचा नाही. म्हणजे काळजी तेव्हाही घ्यावी लागत होती. आणि इथेनॉल नसलेलं पेट्रोलही महिनोन्महिने ठेवलं की चिकट होतंच. त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचं वार्निश होतं. ताईंच्या टाकीतला रंगाचा वास तोच.

रसायन_मावशी

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे राहवत नाही.

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं. मूळ लक्ष्य २०३० चं होतं, ते अलीकडे ओढलं आणि २०२५ मध्ये देशभर वीस टक्क्यांपर्यंत पोचलोसुद्धा. म्हणजे तुमच्या मांगरातल्या टाकीत आहे ते हेच धरून चाला.

इथेनॉल हवेतली वाफ शोषून घेतं. गाडीत टाकी दर आठवड्याला भरली जाते, त्यामुळे फरक पडत नाही. कोकणात जूनमध्ये उघड्या व्हेंटची (हवेच्या भोकाची) अर्धी टाकी नुसती ठेवली की पाणी साठत जातं. एका मर्यादेनंतर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याशी घरोबा करतं आणि दोघं मिळून तळाला बसतात.

बघायचं असेल तर काचेच्या मोजपात्रात १०० मिली पेट्रोल घ्या, त्यात १० मिली पाणी घालून हलवा आणि ठेवा. (घराबाहेर, जवळ विडी-काडी-गॅस काही नको.) खालचा थर १० मिलीचा असायला हवा ना? तो पंचवीस-तीसच्या घरात दिसतो. वाढलेलं सगळं इथेनॉल.

आता टू स्ट्रोकचा खरा धोका. तुम्ही मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, खालच्या थरात उतरत नाही. आणि टाकीतला फिल्टर नेमका तळाला लोळत असतो. तो आधी खालचंच ओढणार. मशीन सुरू झालंच तर ऑइलशिवाय चालणार आणि मग मेकॅनिकचा "पिस्टन गेला" खरा ठरणार. त्यामुळे काजूबी, ते जुनं पेट्रोल "टाकीत आहे तर संपवून टाकू" म्हणून वापरू नका. वरून ताजं घालून तर नाहीच.

पडवीतला

मावशी, मान्य. मळीचं पाणी हा शब्द मागे घेतो, आमच्या सांगलीच्या पाहुण्यांचा ऊस आहे त्यात :)

हरिहरेश्वर_वारा

आमच्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं. वीज किती आठवडे नव्हती ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यानंतर आमच्या पट्ट्यात ज्याला परवडलं त्याने छोटा पेट्रोल जनरेटर घेतला. पुढच्या वर्षी तौक्ते वादळ आलं तेव्हा गंमत अशी की निम्मे जनरेटर सुरूच झाले नाहीत. विकत घेऊन पेटीत घालून ठेवलेले. आणीबाणीचं मशीन सगळ्यात जास्त वेळ पडून असतं, हीच त्याची अडचण.

मी फोर स्ट्रोकवाल्यांसाठी (ज्यांत ऑइल पेट्रोलपासून वेगळं असतं) लिहितो. जनरेटर, पॉवर वीडर (तण काढायचं मशीन), पाण्याचा पंप यांतल्या बहुतेक पेट्रोल मशीनना बाऊलवाला कार्बोरेटर असतो. ठेवताना कॉक बंद करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. तरी बाऊलच्या तळाशी थोडं उरतंच, म्हणून खालचा ड्रेनचा स्क्रू सैल करून तेही काढा. मेन जेटचं भोक टाचणीच्या टोकाएवढं असतं, तेवढ्या उरलेल्या पेट्रोलने बुजतं.

मग प्लग काढून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा, दोन-तीनदा दोरी सावकाश ओढा म्हणजे ते आत पसरेल. प्लग बसवा. शेवटी दोरी हळू ओढत जिथे जोर लागतो तिथेच थांबा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, दमट हवा सिलिंडरमध्ये जात नाही. खाऱ्या वाऱ्यात याचा फार उपयोग होतो. पुढच्या वेळी सुरू केल्यावर थोडा पांढरा धूर येईल, घाबरू नका.

एक विषयाबाहेरचं, पण लिहितोच. पाऊस लागतो म्हणून जनरेटर पडवीत किंवा खिडकीखाली लावू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

नवखा_वीडरवाला

@हरिहरेश्वर_वारा, माझा वीडर सपाट जागी चालतो आणि बांधाच्या उतारावर गेला की बंद पडतो. पेट्रोल भरलेलं असतं. हा काय प्रकार?

हरिहरेश्वर_वारा

इंजिन ऑइल तपासा. बऱ्याच फोर स्ट्रोक इंजिनांत ऑइल कमी झालं की करंट तोडणारा सेन्सर असतो. ऑइल काठावर असेल तर उतारावर एका बाजूला जातं, सेन्सरला वाटतं संपलं. पातळी बघताना मशीन सपाट जागी ठेवा. लहान इंजिनात जेमतेम अर्धा-पाऊण लिटर ऑइल असतं, पेलाभर कमी झालं तरी फरक पडतो.

उत्तर_ध्रुव

मिनेसोटातून. इकडे तुमच्या उलट, स्नो ब्लोअर उन्हाळाभर गॅरेजमध्ये पडून असतो आणि पहिल्या बर्फाच्या सकाळी सगळी गल्ली दोरी ओढत उभी असते. आमच्या राज्यात लहान इंजिनांसाठी इथेनॉल नसलेलं पेट्रोल वेगळ्या नळीवर मिळतं, थोडं महाग. लोक हंगामाची शेवटची टाकी त्याची भरतात. शिवाय फ्युएल स्टॅबिलायझर म्हणून एक द्रव मिळतो, तो ताज्या पेट्रोलमध्ये घालून मशीन दहा मिनिटं चालवायचं म्हणजे कार्बोरेटरपर्यंत पोचतो. भारतातही ऑनलाइन दिसतो. पण तो खराब झालेलं पेट्रोल सुधारत नाही, फक्त चांगल्याला टिकवतो. माझं मत विचाराल तर टाकी रिकामी करणं फुकट आहे, तेच करा.

पडवीतला

पण लोखंडी टाकी रिकामी ठेवली की आतून गंजते. म्हणून वडील काठोकाठ भरून ठेवायचे.

रसायन_मावशी

इथेनॉल नव्हतं तेव्हा तो सल्ला बरोबर होता. आता भरलेल्या टाकीच्याही तळाशी ते पाणी बसतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. ग्रासकटरची टाकी प्लास्टिकची, तिथे प्रश्नच नाही, रिकामी. लोखंडी असेल तर रिकामी करून पूर्ण सुकू द्या, थोडं इंजिन ऑइल आत फिरवा, झाकण लावा.

सुपारी_कात्री

ने-आणीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. काजूबी, एसटीचं काय ते डेपोत विचारा, पण पेट्रोल असलेलं मशीन कुठल्याच बसमध्ये चढवू नका. रेल्वेचं तर स्पष्ट आहे, १९८९ च्या रेल्वे कायद्यात ज्वालाग्राही माल विनापरवाना नेणं कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोटारसायकल पार्सल करतानासुद्धा टाकी रिकामी करायला लावतात ते यासाठीच.

स्वतःच्या गाडीतून आणायचं असेल तर टाकी रिकामी करून, इंजिन बंद पडेपर्यंत चालवून (तुमचं चालतच नाही, तर रबरी फुगा दाबून नळी रिकामी करा), मग आणा. टू स्ट्रोक कसाही आडवा ठेवा. पाते काढा किंवा जुन्या टायरचा तुकडा गुंडाळा. डिकीतलं पातं मागच्या सीटमधून आत आलेलं मी बघितलंय. दांडा मध्ये उघडणारा असेल तर दोन तुकडे करा, लहान गाडीतही मावतो.

फोर स्ट्रोक मात्र उभाच न्या, टेम्पोत दोन्ही बाजूंनी बांधून. आडवा पडला की ऑइल एअर फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरतं. मग दोरी दगडासारखी अडते. तशात झटके मारू नका. प्लग काढा, भोकावर फडकं धरा आणि दोरी ओढा, ऑइल बाहेर उडेल.

आणि पेट्रोल नेण्याबद्दल. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत परवाना लागत नाही, पण भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंतच, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत आणि घट्ट बुचाचं. त्या यादीत प्लास्टिक नाही. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल नेणाऱ्यांनी हे वाचावं. शेतात गडी तहानेला ती बाटली उचलतो, हा धोका वेगळाच.

काजूबी

सगळ्यांचे आभार. मशीन पुण्याला आणावंच लागलं नाही. दिरांनी आजोबांच्या क्रमाने केलं. करंट होता. थेंब घातल्यावर भुर्रकन चालून बंद! जुनं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं तर खरंच खाली वेगळा थर, मावशी. नळी चिरलेली होती, फिल्टर गुळाच्या ढेपेसारखा. पडदा काढून टेबलावर ठेवला तर बिस्किटासारखा आवाज आला म्हणे. शेजारच्या गावातल्या दुसऱ्या मेकॅनिकने पडद्यांचा संच आणि नळी बदलून दिली.

पण आता नवीन तक्रार. सुरू होतो, मंद चालतो, पण रेस घेत नाही. ट्रिगर दाबला की गुदमरतो.

टू_स्ट्रोक_आजोबा

आधी एअर फिल्टर काढून चालवून बघा, मिनिटभरच. फरक पडला तर फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, सुकवा, दोन थेंब ऑइल लावून पिळून घाला.

फरक नाही पडला तर सायलेन्सर. त्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ठिणग्या अडवायला. ऑइल जास्त पडलं की तिच्यावर काजळी बसून ती बुजते. मशीनला श्वास आत घेता येतो, बाहेर सोडता येत नाही. थंड झाल्यावर जाळी काढा, तारेच्या ब्रशने घासा. गडी किती ऑइल घालतात?

काजूबी

"अंदाजाने, थोडं जास्तच, मशीनला बरं असतं" असं उत्तर आलं.

टू_स्ट्रोक_आजोबा

वाटलंच. पुस्तिकेत पेट्रोल-ऑइलचं प्रमाण २५:१ असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. जास्तही नको आणि कमी तर अजिबात नको. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण मांगरात खिळ्याला बांधून ठेवा. डब्यातल्या पेट्रोलमध्ये ऑइल घातलंय की नाही अशी शंका आली तर कागदावर थेंब टाका. पेट्रोल उडून जातं, ऑइल असेल तर तेलकट डाग राहतो.

आणि गड्याला चोकचं सांगा. ते पहिलं 'फट्' म्हणजे "आता चोक उघड" अशी मशीनची हाक आहे. त्यानंतरही चोक लावूनच ओढत राहिलं की ओव्हर होतं, प्लग भिजतो. तसं झालं तर प्लग काढून पुसा, चोक उघडा, बटण बंद ठेवून दोरी ओढा म्हणजे आतलं पेट्रोल निघून जाईल.

हरिहरेश्वर_वारा

जाळी काढताय तर सायलेन्सरच्या आतही बॅटरी मारून बघा. आमच्या पंपाच्या सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, आत तिच्या अळीसाठी आणून ठेवलेले कोळी. तेव्हापासून ठेवताना सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबतो. लाल फडकं, आणि त्याचं टोक बाहेर लोंबतं, नाहीतर काढायचं विसरतं.

काजूबी

जाळीच होती! डांबर फासल्यासारखी. घासून बसवली, आता मशीन किंचाळतंय. कालपासून खालच्या अंगाची बेणणी सुरू झाली.

शेवटचं विचारते. या वेळी ठेवताना प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत बांधून ठेवलं तर? उंदरांनी पट्टा कुरतडलाय.

सुपारी_कात्री

प्लास्टिक नको, आत घाम धरतं आणि करंटची कॉइल गंजते. गोणपाट किंवा जुनी चादर. उंदरांसाठी पट्टा काढून घरात ठेवा आणि मशीन खुंटीला न टांगता तारेने वाशाला लटकवा. खुंटी भिंतीला असते, भिंतीवरून उंदीर येतो.

पडवीतला

तारेवरूनही येतो. आमच्याकडचा येतो.

सुपारी_कात्री

मग तारेत मधोमध नारळाची करवंटी उपडी ओवा. उंदीर चढू नये म्हणून जहाजाच्या दोरखंडाला ताट लावतात तसं.